सीमेवर चालते ते घरी का चालत नाही?

भाताची सोंगणी-झोडणी उरकली, घरात चार पैसे शिल्लक राहिले की अकोले तालुक्यातील गावागावांतून देवदर्शनाच्या जीपगाड्या निघतात. प्रयाग, काशी, अयोध्या हा त्यांचा ठरलेला मार्ग. ज्यांना आणखी पुढे जाण्याची हौस असते ते गोरखपूरवरून सोनौलीची सीमा ओलांडून नेपाळात पशुपतिनाथाला जातात. महाराष्ट्रातील कष्टकऱ्याच्या आयुष्यात परदेशगमनाचा योग असलाच तर तो बहुधा एवढाच. २३ ऑगस्ट २०२४ रोजी नेपाळच्या तनहूं जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत बस कोसळून पंचवीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ते जळगाव जिल्ह्यातील असेच साधे यात्रेकरू होते. तेव्हा सीमेवरच्या कागदपत्रांचा प्रश्न केवळ विमानाने हिंडणाऱ्या धनिकांचा आहे, असे समजण्याचे कारण नाही.

समजा, राजूरहून अशी एक जीप निघाली आहे. चालकाच्या आसनाजवळ प्लास्टिकची एक पिशवी आहे. तिच्यात गाडीचे नोंदणीपुस्तक, विम्याचा कागद, धुराच्या तपासणीचा दाखला, परमिट आणि चालकाचे लायसन्स. सीमेपलीकडे नेपाळची जकात कचेरी लागते. तिकडचे लोक तिला भन्सार म्हणतात. तेथे जितके दिवस गाडी राहणार तितक्या दिवसांचे पैसे भरले की चिठ्ठी मिळते आणि गाडी पुढे निघते. गाडीचा मालक कोण, तिचे वय किती, ती कोणत्या कचेरीत नोंदलेली, हे सारे त्या पिशवीत सिद्ध झालेले असते. लोखंडाच्या सांगाड्याची ओळख पटायला अडचण पडत नाही. अडचण पडते ती त्या सांगाड्यात बसलेल्या माणसांची.

जीपमध्ये साठ वर्षांची एक म्हातारी आहे. तिच्याजवळ आधारकार्ड आहे. याच कार्डावर अंगठा टेकवून ती दरमहा रेशनचे धान्य घेते. याच क्रमांकावर तिची रोजगार हमीची मजुरी जमा होते. बँकेतील खाते, गॅसची टाकी, दवाखान्याचे कार्ड, सारे काही याच बारा आकड्यांना बांधलेले. गेली कित्येक वर्षे सरकारने तिला एकच धडा दिला की, बाई, हे कार्ड म्हणजेच तू. पण भारत सरकारचा नियम सांगतो की पंधरा ते पासष्ट वर्षे वयाच्या भारतीयाला नेपाळ वा भूतानच्या प्रवासासाठी आधारकार्ड चालत नाही. पारपत्र, म्हणजेच पासपोर्ट, नाही तर निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र पाहिजे. पंधराच्या आतल्या व पासष्टच्या पुढच्या माणसांना आधारकार्डावर जाण्याची सवलत २०२० साली जाहीर झाली. कुटुंब एकत्र असेल तर एका प्रौढाजवळ ग्राह्य कागद असला आणि बाकीच्यांजवळ नाते दाखवणारा छायाचित्राचा पुरावा असला तरी भागते. म्हातारी मात्र शेजाऱ्यांबरोबर निघालेली, एकटी, आणि पासष्टीला पाच वर्षे कमी. तिचे मतदार ओळखपत्र घरी पत्र्याच्या पेटीत, लुगड्याच्या घडीखाली राहिले आहे.

सोनौलीच्या रोजच्या वर्दळीत पुष्कळदा कोणी काही विचारत नाही, हे खरे. पण विचारले तर काय, या एका शंकेने माणसाच्या पोटात गोळा येतो, आणि गरिबावर राज्य करण्यासाठी सत्तेला एवढा गोळा पुरेसा असतो.

वास्तविक नेपाळची सीमा ही जगातील दुर्मिळ खुल्या सीमांपैकी एक. ३१ जुलै १९५० रोजी झालेल्या भारत-नेपाळ मैत्री कराराच्या सातव्या कलमाने दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांच्या भूमीत राहण्याचा, व्यापार करण्याचा, हिंडण्या-फिरण्याचा हक्क परस्परांना दिला. खुष्कीच्या मार्गाने जाणाऱ्याला पारपत्र नको, व्हिसा नको. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेल्या विमानाचे अपहरण झाले, त्यानंतर २००० सालापासून विमानाने जाणाऱ्यांना ओळखपत्राची सक्ती आली. हातात शस्त्रे घेऊन विमान पळवणाऱ्यांच्या अपराधाची शिक्षा अशी हळूहळू यात्रेकरूच्या पिशवीपर्यंत पोचली. तरीही या सीमेवर पारपत्राची सक्ती आजही नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा परकीय नागरिक कायदा अमलात आला, त्याच्या सवलतींच्या आदेशातही ही मुभा राखलेली आहे.

आता या मतदार ओळखपत्राची कथा नीट पाहावी, कारण सगळी मेख तेथेच आहे.

आधारकार्ड सीमेवर का चालत नाही, याला सरकारजवळ उत्तर आहे आणि ते कायद्याला धरून आहे. २०१६ च्या आधार कायद्याप्रमाणे हा क्रमांक रहिवाशाला मिळतो. मागील बारा महिन्यांत १८२ दिवस या देशात राहिलेला कोणीही तो घेऊ शकतो, आणि हा क्रमांक म्हणजे नागरिकत्वाचा पुरावा नव्हे, असे त्या कायद्यानेच नमूद केले आहे. मतदार ओळखपत्राचे तसे नाही. घटनेच्या ३२६ व्या कलमाप्रमाणे मताचा हक्क केवळ नागरिकाला, आणि १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे जो नागरिक नाही त्याचे नाव यादीत येऊच शकत नाही. म्हणून मतदार ओळखपत्र हा नागरिक असल्याचा कागद. याच तर्काने भारत सरकार ते पत्र सीमेवर प्रमाण मानते आणि नेपाळ व भूतानचे अंमलदारही ते मान्य करतात. भूतानच्या फुनशोलिंग गावी मतदार ओळखपत्र दाखवणाऱ्या भारतीयाला तेथील अधिकारी प्रवेशाचे परमिट देतो. परक्या राजाचा नोकर भारताच्या निवडणूक आयोगाच्या शिक्क्यावर विश्वास ठेवतो.

आणि स्वतः निवडणूक आयोग? २४ जून २०२५ रोजी आयोगाने बिहारमध्ये मतदारयाद्यांच्या विशेष सखोल फेरतपासणीचा हुकूम काढला. ज्यांची नावे २००३ च्या यादीत नव्हती त्यांनी अकरा कागदांपैकी एखादा सादर करावा, असे फर्मान निघाले. त्या अकरा कागदांत आधारकार्ड नव्हते, शिधापत्रिका नव्हती आणि आयोगाने स्वतः छापून, स्वतःचा शिक्का मारून दिलेले मतदार ओळखपत्रही नव्हते! सर्वोच्च न्यायालयात आयोगाने युक्तिवाद केला की हे पत्र यादीवरून तयार होते आणि यादीच नव्याने तपासायची असताना त्या पत्राला काय किंमत? म्हणजे ज्या कागदाच्या बळावर बिहारचा शेतमजूर रक्सौलची सीमा ओलांडून परदेशात भारतीय म्हणून मिरवू शकतो, त्याच कागदाच्या बळावर तो स्वतःच्या गावच्या मतदान केंद्रावर भारतीय ठरत नाही. अशा व्यवहाराला दुसऱ्या कोणत्याही धंद्यात दिवाळखोरी म्हणतात. स्वतःची हुंडी स्वतःच न वटवणारा सावकार गावात तोंड दाखवू शकत नाही, पण घटनात्मक संस्था मात्र ते खुशाल करू शकते.

परिणाम काय झाला तोही सर्वांसमोर आहे. बिहारमध्ये फेरतपासणीच्या आधी सुमारे ७ कोटी ८९ लाख मतदार होते. १ ऑगस्ट २०२५ च्या प्रारूप यादीतून ६५ लाख नावे गळाली. कोण मेले, कोण स्थलांतरित झाले, कोणाचे नाव दोनदा होते, ही कारणे नावानिशी प्रसिद्ध करण्यास आयोग तयार नव्हता. १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने तसा आदेश दिला तेव्हा ती बाहेर आली. ८ सप्टेंबर रोजी न्यायालयाने आधारकार्ड हा बारावा कागद म्हणून स्वीकारण्यास फर्मावले, तेही केवळ ओळखीचा पुरावा म्हणून. इकडे महाराष्ट्रात, १२ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने एका जामीन अर्जाचा निर्णय देताना आधार, पॅन वा मतदार ओळखपत्र जवळ असल्याने कोणी नागरिक ठरत नाही, असे मत नोंदवले. बनावट कागद करून देणाऱ्यांचा बाजार आहे, हे कोणी नाकारत नाही. प्रश्न वेगळाच आहे. आधार नको, मतदार ओळखपत्र नको, शिधापत्रिका नको, तर राजूरच्या त्या म्हातारीने नागरिक असल्याचे सिद्ध करायचे तरी कशाने?

उत्तर मिळेल की पारपत्राने. पारपत्र किती जणांजवळ आहे? २०२२ अखेरच्या सरकारी आकड्यांप्रमाणे देशात साडेनऊ कोटींच्या आसपास पारपत्रे होती. म्हणजे दर दहा नागरिकांमागे एकाकडेही नाही. छत्तीस पानी साध्या पारपत्राची फी १५०० रुपये. जिल्ह्याचा कारभार पुण्याच्या पारपत्र कार्यालयाकडे. ऑनलाइन अर्ज, ठरवून दिलेली तारीख, प्रवासभाडे, बुडालेली मजुरी आणि शेवटी पोलिसाची चौकशी. घाटघर वा कुमशेतच्या माणसाने हा सारा खटाटोप कशासाठी करावा? आपण ज्या डोंगरात जन्मलो त्या डोंगराचे आहोत हे सांगण्यासाठी?

पारपत्राचा इतिहास सामान्य माणसाच्या हक्काचा इतिहास म्हणून कधीच लिहिला गेला नाही. इंग्रजांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात हे बंधन आणले आणि १९२० च्या कायद्याने ते कायम केले. स्वातंत्र्यानंतरही पारपत्र देणे न देणे ही सरकारची मर्जी मानली जाई. एप्रिल १९६७ मध्ये सतवंत सिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरवला, तेव्हा कोठे घाईघाईने पारपत्र कायदा झाला. पुढे जनता सरकारने १९७७ साली मनेका गांधी यांचे पारपत्र कारण न सांगता अडकवले आणि २५ जानेवारी १९७८ रोजी न्यायालयाने सरकारचे कान उपटले. नागरिकाचे स्वातंत्र्य हिरावणारी कार्यपद्धती न्याय्य व वाजवी असली पाहिजे, हा त्या निकालाचा सिद्धांत आज आणीबाणीविरोधकांच्या वारसदारांनाही आठवावा लागेल. कारण कागदाची सत्ता कोणत्याही रंगाच्या सरकारच्या हाती गेली की ती तशीच वागते.

त्यातही पारपत्रापारपत्रांत वर्गभेद आहे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने दहावी उत्तीर्ण नसलेल्या माणसाच्या पारपत्रावर ‘ईसीआर’चा शिक्का आणला. आखाती व अन्य काही ठरावीक देशांत मजुरीसाठी जायचे तर त्याला वेगळी परवानगी काढावी लागते. मजुराचे संरक्षण हा उद्देश सांगितला गेला आणि त्यात तथ्यही आहे, कारण दलालांनी नागवलेल्या मजुरांच्या कहाण्या खोट्या नाहीत. पण संरक्षण करायचे तर दलालाला धरावे. शिक्का मात्र मजुरावर मारला गेला. जानेवारी २०१८ मध्ये तर सरकारने अशा लोकांना नारिंगी रंगाचे वेगळे पारपत्र देण्याचा घाट घातला. विमानतळावर दुरूनच कळावे की हा अडाणी आहे, हा मजूर आहे. देशभर संताप उसळला आणि ३० जानेवारीला तो बेत मागे घ्यावा लागला.

तोच तो जानेवारी महिना. पंजाब नॅशनल बँकेच्या हजारो कोटींच्या गैरव्यवहारातील आरोपी नीरव मोदी त्याच महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि मेहुल चोक्सी ४ तारखेला देशाबाहेर निघून गेले. चोक्सीने तर आदल्याच वर्षी अँटिग्वा या बेटाचे नागरिकत्व पैसे गुंतवून मिळवले होते. त्यांना सीमेवर कोणी अडवले नाही, कारण त्यांचे कागद चोख होते! याच नगर जिल्ह्यातील, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, कर्जत तालुक्यात नीरव मोदीची जमीन निघाली आणि मार्च २०१८ मध्ये तिच्यावर शेतकऱ्यांनी नांगर घातला. ज्याला या जिल्ह्याची ढेकळेही पायाला लागली नसतील त्याचा सातबारा पक्का, आणि ज्याच्या आज्या-पणज्यांची हाडे या मातीत गेली त्याचा दाखला कच्चा. शिक्का लावण्याची योजना मजुरासाठी, आणि उघडे दार लुटारूसाठी. खासगी मालमत्तेच्या जगात कागदाचे काम काय असते, हे समजावण्यासाठी याहून मोठे शिबिर घेण्याची गरज नाही.

धनिकाच्या मोटारीचे जगही वेगळेच आहे. एखादा हौशी उद्योगपती स्वतःची गाडी घेऊन देशोदेशीच्या सीमा ओलांडत युरोपपर्यंत जातो, तेव्हा प्रादेशिक परिवहन कार्यालय त्याला वर्षभराचे आंतरराष्ट्रीय वाहन परवानापत्र देते. मुंबईतील मोटारमालकांची जुनी संस्था अनामत घेऊन त्याच्या गाडीसाठी कार्ने नावाचे जकात-हमीचे पुस्तक देते. जकात न भरता गाडी देशात शिरावी आणि ठरल्या मुदतीत परत जावी, याची ती हमी. अनेक देशांच्या अंमलदारांनी गाडीवर विश्वास ठेवावा म्हणून जगभर एक यंत्रणा उभारली गेली, कारण गाडीमागे पैसा उभा आहे. मजुरामागे कोणतीही संस्था हमी घेऊन उभी नाही. त्याची हमी सरकारने घ्यायची, तर सरकारच त्याच्याकडे हमी मागते.

आणि कागद नसतानाही सीमा ओलांडता येते, हेही २०२५ साली दिसले. जून महिन्यात महाराष्ट्रात मोलमजुरी करणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही बंगालीभाषक मजुरांना बांगलादेशी ठरवून पकडण्यात आले आणि सीमेवर नेऊन पलीकडे ढकलण्यात आले. ते भारतीय असल्याचे उघड झाल्यावर त्यांतील काहींना परत आणावे लागले. यात्रेला निघालेल्या म्हातारीला सीमेवर कागद विचारणारे राज्य स्वतःच्याच नागरिकाला कोणताही कागद न पाहता सीमेपलीकडे लोटून देते. त्या मजुरांनी दाखवलेले कागद कोणी वाचले नाहीत, त्यांची भाषा तेवढी ऐकली. भाषेच्या नावाने राज्य उभारलेल्या महाराष्ट्राने याची तरी लाज बाळगायला हवी.

आसामचा अनुभव याहून भयंकर. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी प्रसिद्ध झालेल्या नागरिक नोंदवहीतून १९ लाखांहून अधिक माणसे बाहेर राहिली. परकीय असल्याचा आरोप झाला की आपण परकीय नाही हे आरोपीनेच सिद्ध करावे, हा १९४६ च्या कायद्याचा उलटा न्याय २०२५ च्या नव्या कायद्यानेही जपला आहे. खुन्याचा गुन्हा सरकारने सिद्ध करायचा, पण नागरिकाने आपला जन्म आपणच सिद्ध करायचा!

बिहार, आसाम, बंगाल ही नावे अकोल्यातील कार्यकर्त्याला दूरची वाटतील. तेव्हा दृष्टी पुन्हा प्रवरेच्या खोऱ्याकडे वळवावी. महादेव कोळी आणि ठाकर समाजाची मोठी वस्ती असलेला हा तालुका. येथल्या वृद्धांचा जन्म घरी, पाड्यावर झाला. झालीच असेल तर त्याची नोंद कोतवाल बुकात झाली. ते बुक जीर्ण, मोडी अक्षर वाचणारे थोडे, नावात मात्रा इकडची तिकडे, आडनाव कधी लावलेले तर कधी नाही. जातीच्या दाखल्यासाठी सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा मागितला जातो, तेव्हा ही चूक केवढ्याला पडते हे शिष्यवृत्तीसाठी हेलपाटे घालणाऱ्या प्रत्येक आदिवासी मुलाच्या बापाला ठाऊक आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलाचा शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादीतील नाव, सरकारी नोकरी या साऱ्यांसाठी जन्मदाखला हाच आधार. २०२५ च्या नियमांनी पारपत्रासाठीही तोच एकमेव जन्मतारखेचा पुरावा ठरवला. मुदतीत नोंद राहून गेली तर वर्षानंतर दंडाधिकाऱ्याचा आदेश आणावा लागतो. आणि २०२५ च्या आरंभी काही जिल्ह्यांत परकीयांना दाखले दिल्याचा गाजावाजा झाल्यावर महाराष्ट्र शासनाने उशिराच्या नोंदींची चौकशी लावून सगळी कार्यपद्धतीच कडक केली. शोधायचे होते घुसखोर. दारातच ताटकळले पाड्यावर जन्मलेले लेकरू. दारूगोळा एकावर रोखायचा आणि जखमी दुसऱ्यानेच व्हायचे, ही या राज्ययंत्रणेची जुनी रीत आहे.

बिहारसाठी आयोगाने काढलेल्या अकरा कागदांच्या यादीत एक कागद होता वनहक्क प्रमाणपत्राचा. ही यादी महाराष्ट्रातही जशीच्या तशी येवो वा न येवो, अकोल्याने तिचा अर्थ समजून घेतला पाहिजे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत हजारो शेतकरी आणि आदिवासी रक्ताळल्या पायांनी चालत गेले, तेव्हा त्यांची एक प्रमुख मागणी वनहक्कांचे दावे निकाली काढण्याची होती. एप्रिल २०२३ मध्ये अकोले येथूनच लोणीच्या दिशेने किसान सभेचा मोर्चा निघाला. जो कागद सरकारने २००६ च्या कायद्याप्रमाणे घरपोच द्यायला हवा होता, तो मागण्यासाठी माणसांनी शेकडो कोस तुडवायचे, आणि उद्या तोच कागद नागरिकत्वासाठी मागितला की पुन्हा त्यांनीच अपराधी म्हणून उभे राहायचे. कागद रोखून धरणारेही तेच आणि कागद मागणारेही तेच. या खेळात हरणारा कोण हे आधीच ठरलेले आहे.

तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील मजूर दरवर्षी नारायणगावच्या बाजूला भाजीपाल्याच्या, द्राक्षाच्या कामाला जातात. घराला महिनोन्‌महिने कुलूप असते. अशा कुलपाला मतदारयादीची तपासणी करणारा कर्मचारी तीनदा भेट देऊन काय लिहील? ‘कायमचे स्थलांतरित’. पोटासाठी तालुक्याची शीव ओलांडणे हा गुन्हा नव्हे. पण इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तो गुन्हाच करून ठेवला होता. हजेरी द्यायची, पास घ्यायचा, मग गाव सोडायचे. तो काळा कायदा १९५२ साली रद्द झाला, पण भटक्या जमातींतील माणसाला अनोळखी गावात अजूनही आधी कागद विचारला जातो आणि मग पाणी.

या सगळ्यावर सत्ताधाऱ्यांचे उत्तर एका शब्दाचे आहे : सुरक्षा. ते उत्तर हसण्यावारी नेण्याचे कारण नाही. प्रत्येक राष्ट्राला सीमा असतात आणि कोण आले, कोण गेले हे जाणण्याचा अधिकारही असतो. कोणत्याही समाजवाद्याने तो नाकारलेला नाही. पण २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर चालून आलेले मारेकरी समुद्रातून आले, त्यांनी कोणत्याही नाक्यावर कार्ड दाखवले नाही. सुरक्षेचे काम किनाऱ्याच्या गस्तीचे आहे, हेरखात्याचे आहे, बनावट कागदांचे कारखाने चालवणाऱ्या दलालांना आणि त्यांना सामील झालेल्या बाबूंना तुरुंगात घालण्याचे आहे. ते कठीण काम टाळून गरिबाची पेटी उपसणे सोपे जाते, म्हणून ते केले जाते. शिवाय कागद जितके वाढतील तितका दलालाचा धंदाही वाढेल, हे तहसील कचेरीबाहेरच्या टपरीवर बसणारा कोणीही सांगेल.

दुसरा आक्षेप असा की, मग ओळख पटवायची कशी? त्याचे उत्तर याच प्रजासत्ताकाने एकदा दिलेले आहे. वनहक्क कायद्याच्या नियमांत पुराव्यांची यादी आहे. तिच्यात सरकारी कागदांबरोबर गावातील वडीलधाऱ्यांची लेखी नोंदवलेली साक्षही पुरावा म्हणून मान्य केली आहे आणि दाव्याची पहिली छाननी ग्रामसभेकडे सोपवली आहे. माणूस कोणाचा, कोठला, किती पिढ्यांचा, हे गावाला ठाऊक असते, ही साधी लोकशाही बुद्धी त्या नियमांत आहे. जी साक्ष जमिनीसाठी चालते ती जन्मासाठी का चालू नये? गावाच्या चार म्हाताऱ्यांपेक्षा दूर बसलेले संगणकयंत्र अधिक सत्यवचनी कशावरून?

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. निवडणूक आयोगाने दिलेले ओळखपत्र सीमेवर जेवढे प्रमाण तेवढेच ते मतदारयादीसाठी प्रमाण मानले जावे. ते खोटे असल्याचा संशय असेल तर तो सिद्ध करण्याचा भार आयोगावर असावा. अनुसूचित क्षेत्रात आणि स्थलांतरित मजुरांच्या गावांत उशिराच्या जन्मनोंदीसाठी ग्रामसभेची साक्ष ग्राह्य धरावी आणि ती नोंद फी व हेलपाट्यांशिवाय व्हावी. नागरिकत्वाचा कोणताही निर्णय कागदाअभावी केवळ पोलिसाच्या शब्दावर होऊ नये, आणि न्यायालयाच्या आदेशावाचून कोणालाही सीमेपलीकडे ढकलू नये.

मागण्यांच्या जोडीला काम हवे, नाही तर ठरावाचा कागद हा आणखी एक निरुपयोगी कागद ठरेल. अकोल्याच्या कार्यकर्त्यांनी पावसाळ्याआधी पाड्यापाड्यांवर बसून प्रत्येक घरातील कागद एकत्र पाहावेत. कोणाचे नाव कोठे चुकले, कोणाची जन्मनोंद नाही, कोणाचा वनहक्क दावा कोणत्या टेबलावर अडला, याच्या वह्या तयार कराव्यात. मजूर कामाला गेलेल्या गावांत घरांना कुलूप असताना नाव कापले जाऊ नये, म्हणून ग्रामसभेचे ठराव आधीच करून ठेवावेत. यात्रेला निघणाऱ्या जीपमधील माणसांनाही पेटीतील मतदार ओळखपत्र बरोबर घ्या, असे सांगायला विसरू नये. मोठ्या लढ्याची वाट पाहताना एखाद्या म्हातारीची यात्रा नाक्यावर अडू न देणे, हेही पक्षाचेच काम आहे.

कागदाच्या दहशतीपुढे मान तुकवण्याचे कारण नाही, याची साक्ष महाराष्ट्राच्याच एका सीमेने दिलेली आहे. १८ मे १९५५ रोजी ना. ग. गोरे आणि सेनापती बापट यांनी सत्याग्रहींची तुकडी घेऊन गोव्याच्या हद्दीत पाऊल टाकले. त्यांच्याजवळ पोर्तुगीज सरकारचा कोणताही परवाना नव्हता. लाठ्या बसल्या, तुरुंग लाभला, गोऱ्यांना दहा वर्षांची सजा झाली. त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि वीसहून अधिक जणांनी प्राण दिले. त्यांतही समाजवादी, कम्युनिस्ट, कोणत्याच पक्षाचे नसलेले, असे सारे होते. मारणाऱ्यांनी कोणाला ओळखपत्र विचारले नव्हते. डिसेंबर १९६१ मध्ये ती सीमाच पुसली गेली. आज सावंतवाडीहून पणजीकडे मोटार निघाली की बांद्यापुढे पत्रादेवीला हुतात्म्यांचे स्मारक लागते. तेथे गाडीतील कोणालाही, तू कोणत्या देशाचा, असे कोणी विचारत नाही.

हा प्रश्न राजूरच्या म्हातारीला तिच्याच दारात विचारला जाऊ नये, यासाठी आता लढायचे आहे.